कालनिर्णयावरची खूण : फेफरे, गर्भाशय आणि शस्त्रक्रियेचा इतिहास

गांधीबाग म्हटले की नागपूरकराला आधी कापडाचा घाऊक बाजार आठवतो, मग औषधांचा. त्याच गजबजाटात डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय आहे. तेथून जवळच, कागदोपत्री इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे, परंतु लोकांच्या तोंडी आजही 'मेयो'च राहिलेले रुग्णालय आहे. बाळंतपणे आणि स्त्रीरोग, इतर सारे आजार आणि औषधांची उलाढाल अशी एकाच परिसरात नांदत असलेल्या या वस्तीत एक जुना प्रश्न पुन्हा विचारून पाहावा असे आम्हांस वाटले. ज्या स्त्रीला महिन्यातील ठरावीक दिवसांतच फेफरे येते आणि त्याच दिवसांत जिच्या पोटात असह्य कळा उठतात, तिच्या शरीरावर शल्यवैद्यकाने आजवर काय काय केले?

प्रश्न वैद्यकाचा आहे आणि आम्ही साहित्याचे वाचक आहोत. तथापि या विषयाचा इतिहास वाचू लागले की ध्यानात येते, हा शस्त्रांइतकाच शब्दांचाही इतिहास आहे. रोगाला जे नाव मिळाले त्याने शस्त्र कोठे चालवायचे हे ठरवले. जेथे नाव चुकले तेथे निरोगी अवयव कापला गेला. आणि ज्या एका गोष्टीकडे सर्वांत आधी पाहायला हवे होते, म्हणजे स्त्रीने स्वतः ठेवलेल्या तारखांच्या हिशेबाकडे, तिच्याकडे सर्वांत शेवटी पाहिले गेले. प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच आहे.

दोन अध्यायांमधले अंतर

आपल्याकडे या आजाराला नावांची वाण नाही. फेफरे, वऱ्हाडाकडचे फेपरं, मिरगी, आकडी आणि आता सर्रास रूढ झालेले फीट. ग्रंथातले नाव अपस्मार, म्हणजे स्मृती दूर सारणारा. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अपस्माराचा अध्याय दहावा आहे. त्याचे वेग पंधरा दिवसांनी, बारा दिवसांनी किंवा महिन्याने येतात असे निरीक्षण तेथे नोंदलेले आहे. त्याच स्थानाचा तिसावा अध्याय योनिव्यापदांचा, अर्थात स्त्रीच्या जननेंद्रियांच्या वीस विकारांचा. त्यांतील 'उदावर्ता' या विकारात रजाची गती वर वळते, ते कष्टाने बाहेर पडते आणि पडल्यावर स्त्रीला आराम वाटतो असे वर्णन आहे. दहाव्या अध्यायात महिना आहे, तिसाव्यात मासिक वेदना आहे. परंतु दोन्ही एकाच स्त्रीच्या देहात एकत्र नांदू शकतात, असा धागा कोणी जोडलेला आढळत नाही. 'आमच्याकडे सारे आधीच होते' असे म्हणण्याचा मोह येथे आवरलेला बरा. निरीक्षणे होती, अन्वय नव्हता.

लोकव्यवहाराने मात्र आपला अन्वय लावला होता. झटका आला की कांदा किंवा चप्पल हुंगवायची, शुद्ध आली की अमावास्या-पौर्णिमा कधी होती ते आठवायचे, आणि वारंवार होऊ लागले की बाहेरची बाधा म्हणून देवऋषी गाठायचा. आजार महिन्याने येतो हे लोकांच्या नजरेतून सुटले नव्हते. पण महिना कोणाचा, येथे गल्लत झाली. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा असतो, तर पुष्कळ स्त्रियांचे चक्र अठ्ठावीस दिवसांच्या आसपासचे. त्यामुळे एखादीचे फेफरे दोनतीन महिने अमावास्येच्या जवळपास येई आणि मग हळूहळू तिथीपासून सरकत जाई. ते सरकले की बाधा उतरली असे वाटे आणि काही महिन्यांनी पुन्हा अमावास्येला गाठले की बाधा परतली असे. आकाशातला चंद्र पाहणाऱ्यांनी घरातल्या बाईचे दिवस मोजले नाहीत.

यातील विरोधाभास विलक्षण आहे. कारण बाईचे दिवस घरात सर्वांनाच ठाऊक असत. ती चार दिवस बाहेर बसे, तिला कावळा शिवलेला असे, तिचा विटाळ होई. जी गोष्ट तोंडाने उच्चारायची नाही, ती घराच्या मांडणीतून मात्र अख्ख्या वाड्याला दिसत असे. अशा वेळी त्या कोपऱ्यात बसलेल्या बाईला झटका आला तर दोन घटनांचा संबंध अगदी डोळ्यांसमोर असे. परंतु विटाळ या शब्दाने तिच्या शरीराला आधीच अपवित्र ठरवले असल्यामुळे, अपवित्र जागी बाधा शिरली एवढाच त्याचा अर्थ होई. साक्ष होती, ती वाचण्याची भाषा नव्हती.

लंडन, १८५७

युरोपही यापेक्षा फार शहाणा नव्हता. ग्रीक भाषेत गर्भाशयाला जो शब्द आहे त्यापासून 'हिस्टेरिया' हे नाव आले. गर्भाशय देहात भटकते, वर चढते, गळा दाबते अशी ती प्राचीन कल्पना. आपल्याकडे पोटात गोळा उठणे किंवा वायगोळा असे जे शब्द आहेत, ते याच जातीच्या अनुभवाचे, पण त्यांत गर्भाशयावर आरोप नाही. हिस्टेरिया या नावात तो आरोप जन्मजात होता. एकदा नाव गर्भाशयाचे ठेवले की बाईच्या प्रत्येक झटक्याचा खटला त्याच अवयवावर चालणार, हे उघड होते.

मे १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल मेडिकल अँड चिरर्जिकल सोसायटीत अपस्मारावर चर्चा चालू होती. अध्यक्षस्थानी होते राणी व्हिक्टोरियाचे प्रसूतिवैद्य सर चार्ल्स लोकॉक. ज्या स्त्रियांना मासिक पाळीच्या काळात झटके येतात अशा चौदा-पंधरा जणींना आपण पोटॅशियम ब्रोमाइड दिले आणि एकीचा अपवाद वगळता गुण आला, असे त्यांनी सांगितले. ब्रोमाइड देण्यामागील त्यांचे तर्कशास्त्र मात्र आज वाचताना चमत्कारिक वाटते. या द्रव्याने पुरुषाची कामशक्ती तात्पुरती मंदावते असे एका जर्मन अहवालात आले होते. स्त्रीचे झटके म्हणजे जननेंद्रियांच्या क्षोभाचा परिणाम. तेव्हा तो क्षोभ शमवणारे औषध लागू पडलेच पाहिजे, असा हिशेब. कारण चुकीचे, औषध बरोबर. ब्रोमाइड मेंदूला शांत करते, जननेंद्रियांना नव्हे. १९१२ साली हाउप्टमान यांनी फिनोबार्बिटल पुढे आणीपर्यंत अपस्मारावरील सर्वांत भरवशाचे औषध तेच राहिले. आपल्याकडच्या घरांतून पुढे ज्या गार्डिनलच्या गोळ्या परिचित झाल्या, त्या या फिनोबार्बिटलच्याच.

लोकॉक यांचा तर्क औषधापुरताच राहिला असता तर नुकसान मर्यादित होते. परंतु रोगाचे मूळ जननेंद्रियांत आहे हे एकदा मानले की औषधापेक्षा शस्त्र अधिक तर्कशुद्ध वाटू लागते. लंडनमधील शल्यवैद्य आयझॅक बेकर ब्राऊन यांनी १८६६ साली स्त्रियांतील वेड, अपस्मार आणि हिस्टेरिया यांच्या 'साध्यते'वर पुस्तक लिहिले. त्यांचा उपाय होता शिश्निका कापून टाकण्याचा. पुढच्याच वर्षी, १८६७ मध्ये, लंडनच्या प्रसूतिवैद्यांच्या संस्थेने त्यांना सभासदत्वावरून काढून टाकले. त्या कारवाईचा तपशील उद्बोधक आहे. आरोपांत मोठे वजन होते ते स्त्रियांना व त्यांच्या घरच्यांना पुरती कल्पना न देता शस्त्रक्रिया केल्या जातात याला. संमतीचा प्रश्न तेव्हाही कोणाला सुचला नव्हता असे नाही. बाईच्या संमतीइतकेच तिच्या नवऱ्याच्या संमतीलाही महत्त्व होते, एवढेच.

निरोगी अंडाशयाची शस्त्रक्रिया

१८७२ साल या इतिहासात विशेष आहे. अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने तीन देशांतील तीन शल्यवैद्यांनी एकच धाडस केले. जुलैअखेर जर्मनीत आल्फ्रेड हेगार यांनी, ऑगस्टच्या आरंभी इंग्लंडमध्ये लॉसन टेट यांनी आणि १७ ऑगस्टला अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात रॉबर्ट बॅटी यांनी स्त्रीचे अंडाशय काढले. हेगार यांची रुग्ण दगावली. बॅटी यांच्यासमोरच्या तरुणीला पाळीचा विकार होता आणि झटके येत असत. ती मेली तर डॉक्टरला पकडायचे म्हणून लोक घराबाहेर थांबले होते, अशी हकीकत सांगितली जाते. ती जगली, आणि शस्त्रक्रियेला बॅटी यांचे नाव मिळाले.

अंडाशय काढण्याची शस्त्रक्रिया त्यापूर्वीही होत असे, पण ती मोठ्या गाठींसाठी. बॅटी यांनी केलेला बदल असा की काढायचा अवयव निरोगी दिसत असला तरी चालेल. त्यांनी स्वतःच तिला आरंभी 'नॉर्मल ओव्हॅरिऑटमी' म्हटले होते. पुढच्या दोन-तीन दशकांत युरोप-अमेरिकेत हजारो स्त्रियांची अंडाशये पाळीच्या वेदना, अपस्मार, उन्माद अशा नानाविध कारणांसाठी काढली गेली.

आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होत्या, तो काळ नेमका हाच, १८८३ ते १८८६. या शस्त्रक्रियेचा तेव्हा अमेरिकेत मोठा बोलबाला होता. आनंदीबाईंनी १८८६ साली पदवीसाठी प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर. त्या परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. दोन परंपरांच्या सांध्यावर उभी असलेली, बाईच्या शरीराविषयी दोन्हीकडचे वाचू शकणारी ही पहिली मराठी स्त्री आणखी वीस वर्षे जगती तर या विषयावर मराठीत काय लिहिले गेले असते, या विचाराने आम्ही क्षणभर थांबतो आणि पुढे जातो.

बॅटी यांची शस्त्रक्रिया अगदीच निष्फळ होती काय? तसे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ज्या थोड्या स्त्रियांचे झटके खरोखरच चक्राशी बांधलेले होते, त्यांच्यापैकी काहींना गुण आला असणे शक्य आहे. परंतु तो का येतो हे शस्त्र चालवणाऱ्याला ठाऊक नव्हते. अंडाशयातून मेंदूकडे मज्जातंतूंमार्फत क्षोभ पोचतो, अशी त्यांची समजूत होती. रक्तातून फिरणाऱ्या रासायनिक निरोप्याला 'हॉर्मोन' हे नाव स्टार्लिंग यांनी दिले तेच मुळी १९०५ साली. इस्ट्रोजेन शुद्ध स्वरूपात हाती आले १९२९ मध्ये आणि प्रोजेस्टेरॉन १९३४ मध्ये. म्हणजे ज्याच्यामुळे ही शस्त्रक्रिया लागू पडेल वा पडणार नाही, ते द्रव्य सापडण्याच्या अर्धशतक आधीच अवयव काढले जात होते. ज्यांना गुण आला नाही त्यांच्या पदरात अकाली रजोनिवृत्ती, ठिसूळ हाडे आणि पूर्वीचेच झटके आले.

ठिणगी आणि वारा

वेदनेचे नाव याहूनही उशिरा सापडले. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढते, हे व्हिएन्नाचे रोकिटान्स्की यांनी १८६० मध्ये वर्णिले होते. पण तिचा नीट उलगडा केला अमेरिकेतील ऑल्बनीच्या जॉन सॅम्पसन यांनी. १९२१ साली त्यांनी अंडाशयातील जुन्या रक्ताने भरलेल्या, चॉकलेटच्या रंगाच्या गाठींचे वर्णन केले आणि १९२७ मध्ये पाळीचे रक्त बीजनलिकांतून उलटे पोटात जाते व तेथे ही ऊती रुजते, असा सिद्धांत मांडला. एंडोमेट्रिऑसिस हे नाव रूढ झाले ते त्यांच्यामुळे. ही ऊती जेथे असेल तेथे हॉर्मोनच्या हुकमानुसार दर महिन्याला सुजते आणि स्रवते. वाट नसल्यामुळे ते साचते, चिकटते, दुखते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयातील सुमारे दहा टक्के स्त्रियांना हा विकार असतो आणि निदानाला अनेक वर्षे लागतात. 'बाईच्या जातीला एवढे दुखायचेच' हे वाक्य ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले जाते, तेथे ती वर्षे कशी लागतात हे वेगळे सांगायला नको.

झटक्यांचा उलगडाही समांतर चालू होता. १९४१ मध्ये हान्स सेल्ये यांनी प्रोजेस्टेरॉनसारख्या द्रव्यांना गुंगी आणण्याचा गुण आहे हे दाखवले. १९५९ मध्ये लोगोथेटिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी अपस्माराच्या स्त्रियांना शिरेतून इस्ट्रोजेन दिले, तेव्हा काहींच्या मेंदूच्या आलेखात विकृत लहरी वाढल्या. १९७६ साली बॅकस्ट्रम यांनी झटक्यांची संख्या या दोन हॉर्मोनांच्या परस्परप्रमाणाशी जुळते असे मांडले. इस्ट्रोजेन मेंदूला उत्तेजित करते, प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात बनणारे एक द्रव्य त्याला शांत करते. पाळीच्या तोंडाशी प्रोजेस्टेरॉन एकाएकी उतरते आणि उंबरठा खाली येतो. १९९७ मध्ये अँड्रयू हर्झोग व सहकाऱ्यांनी अशा झटक्यांचे तीन प्रकार लावून दिले. पाळीच्या आसपासचे, बीजमोचनाच्या वेळचे आणि ज्यांच्या चक्राचा उत्तरार्ध दुबळा असतो त्या स्त्रियांमध्ये त्या उत्तरार्धात दिसणारे. अपस्मार असलेल्या स्त्रियांपैकी साधारण एकतृतीयांश जणींत यातील एखादा प्रकार आढळतो.

येथे एक भेद काटेकोरपणे लक्षात ठेवावा लागतो. ठिणगी मेंदूत असते. अंडाशयाकडून येतो तो वारा. वाऱ्याने आग भडकते म्हणून आगीचे मूळ वाऱ्यात आहे असे होत नाही. एंडोमेट्रिऑसिसची ऊती खुद्द मेंदूत सापडल्याची आणि ती काढावी लागल्याची नोंद वैद्यकीय वाङ्मयात आहे, १९८७ सालचे असे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. पण ती अपूर्वाई झाली. बहुतेक स्त्रियांत एंडोमेट्रिऑसिस आणि फेफरे हे दोन वेगळे आजार असतात. त्यांना बांधणारा दुवा म्हणजे एकाच चक्राचे हॉर्मोन. एकाने पोट दुखते, त्याच्याच चढउताराने मेंदूचा उंबरठा हलतो. उपचारांतही ते एकमेकांच्या वाटेत येतात. फिनोबार्बिटल, फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन यांसारख्या जुन्या औषधांनी यकृत हॉर्मोनच्या गोळ्या झपाट्याने निकामी करते. म्हणजे पोटदुखीसाठी दिलेली गोळी झटक्यांच्या गोळीमुळे दुबळी पडते. पोटाचा डॉक्टर आणि मेंदूचा डॉक्टर यांचे केसपेपर वेगळ्या पिशव्यांत राहिले, तर दोघांचेही औषध वाया जाते आणि दोष रुग्णाच्या नशिबाला मिळतो.

मग शस्त्रक्रियेची जागा कोठे? एंडोमेट्रिऑसिससाठी दुर्बिणीतून ती ऊती व गाठी काढून अंडाशये राखण्याची शस्त्रक्रिया होते आणि वेदनेवर तिचा उपयोग होतो. झटक्यांसाठी अंडाशये काढणे हा अगदी मोजक्या, सर्व औषधे थकलेल्या स्त्रियांपुरता अखेरचा विचार आहे. तोही करण्यापूर्वी इंजेक्शनने अंडाशयांचे काम काही महिने थांबवून झटके खरोखर कमी होतात का, हे पाहता येते. बॅटी यांनी जे सुरीने करून पाहिले ते आता परत फिरता येईल अशा रीतीने करून पाहता येते. प्रोजेस्टेरॉनही सर्वांनाच चालते असे नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या हर्झोग यांच्या मोठ्या चाचणीत एकूण रुग्णांत त्याचा विशेष लाभ दिसला नाही. ज्यांचे झटके पाळीच्या आसपास फारच ठळकपणे वाढत, त्यांनाच तो झाला. आणि हे 'ठळकपणे' ठरते कशावरून? स्त्रीने तीन-चार महिने लिहून ठेवलेल्या तारखांवरून.

घड्याळ काढून घेणे

आता महाराष्ट्राकडे वळू. आपल्याकडे बाईच्या या विकारांची साक्ष घेणारे कोणी नव्हते असे नाही. १८८५ च्या डफरीन फंडानंतर स्त्रियांची वेगळी रुग्णालये उभी राहू लागली. मुंबईचे कामा रुग्णालय १८८६ चे. नागपुरात १९२१ साली कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी मातृसेवा संघ स्थापला. परिचारिका बाई असली की न सांगण्याजोगे सांगता येते, हा या संस्थांचा न लिहिलेला लाभ. १९२७ पासून र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य'मधून शरीराविषयी उघड मराठीत लिहू लागले. त्यासाठी त्यांना न्यायालयात उभे राहावे लागले आणि १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. शरीराची नावे मराठीत छापणे हाच गुन्हा ठरत असलेल्या काळात, कोणती बाई आपल्या झटक्यांची आणि पाळीची तारीख एकाच कागदावर लिहिणार होती? शस्त्रक्रियेतही राखण्याची परंपरा आपल्याकडे होती. गोव्याच्या शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचे नाव जगभर गेले ते गर्भाशयाच्या मुखाला टाका घालून गर्भ वाचवण्याच्या शस्त्रक्रियेमुळे. अंग बाहेर येणाऱ्या तरुण स्त्रियांचे गर्भाशय कापून न टाकता ते आधार देऊन जागी बसवण्याची रीतही त्यांनी घडवली.

याच भूमीत दुसरीही परंपरा आहे. १९९४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात शिरूरच्या शासकीय संस्थेतील मतिमंद मुलींची गर्भाशये काढण्यात आली. पाळीच्या दिवसांत त्यांना स्वतःची स्वच्छता राखता येत नाही, हे कारण देण्यात आले होते. स्त्री-संघटनांनी आवाज उठवल्यावर पुढील शस्त्रक्रिया थांबल्या. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांचे प्रकरण पुढे आले. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल. एक दिवस कामाला दांडी पडली की खाड्याचा दंड. पाळीच्या वेदनांनी खाडे पडतात, म्हणून पाळीच नको. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या काळात जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. साधारण दर सहा जणींमागे एक. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांना आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत, असा आदेश एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला.

शिरूरच्या मुली, बीडच्या मजूर बाया आणि आपल्या मूळ प्रश्नातील फेफरे येणारी स्त्री यांच्यात एक समान गोष्ट आहे. पाळी हीच कटकट, तेव्हा गर्भाशय काढले की प्रश्न मिटला, हा तर्क तिघींना लागू केला जातो. शरीरशास्त्राच्या दृष्टीने तो किती फसवा आहे पाहा. गर्भाशय हे पाळीच्या रक्ताचे घर आहे. पाळीच्या हॉर्मोनचे नव्हे. अंडाशये जागी असली तर गर्भाशय गेल्यावरही त्यांचे चक्र चालूच राहते. इस्ट्रोजेन चढते, प्रोजेस्टेरॉन उतरते, पोटात राहिलेली ऊती सुजते, मेंदूचा उंबरठा महिन्याला हलतो. थांबते ते फक्त रक्त. म्हणजे आजार राहतो आणि त्याची तारीख सांगणारे घड्याळ तेवढे जाते. पूर्वी तिला 'पाळी आली की येते' असे सांगता येत होते. आता 'केव्हाही येते' एवढेच सांगता येईल. बाईच्या हाती असलेला एकमेव पुरावा शस्त्रक्रियेने नष्ट केलेला असतो आणि ती आता बरी झाली असे सर्वांना वाटते.

दुहेरी मौन

तारखा लिहिल्या गेल्या नाहीत, याला विटाळाचे मौन जसे कारण आहे तसेच लग्नाचेही. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार येणारे झटके हा विवाहाच्या वैधतेत अडसर ठरला होता; तो शब्द कायद्यातून गेला १९९९ साली. म्हणजे कालपरवापर्यंत मुलीच्या फेफऱ्याची नोंद ठेवणे म्हणजे तिच्याविरुद्ध पुरावा तयार करणे होते. पाळीबद्दल बोलायचे नाही कारण ती अपवित्र, झटक्यांबद्दल बोलायचे नाही कारण लग्न मोडेल. दोन मौने एकाच देहात एकत्र आली की तिसऱ्या कोणाला तरी बोलण्याचा अधिकार मिळतो. नवरा, सासू, मुकादम, अधीक्षक, डॉक्टर. त्या देहावर शस्त्र चालवण्याचा निर्णय या तिसऱ्याच्या भाषेत होतो.

म्हणूनच या सगळ्या इतिहासाच्या शेवटी आम्हांस एक अगदी घरगुती वस्तू आठवते. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी काढलेले 'कालनिर्णय' मराठी घराघरांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेले असते. त्याच्या चौकटींत दुधाचे खाडे लिहिलेले असतात, गॅसचा सिलिंडर कधी लावला ते असते, कोणाचे श्राद्ध, कोणाची फी. आणि पुष्कळ घरांत, कोणी विचारू नये इतक्या लहान आकारात, एखाद्या तारखेवर पेनाचा एक ठिपका असतो. ज्याला माहीत त्यालाच कळणारा. अमावास्या छापलेली असते. ठिपका हाताने काढलेला असतो. शतकानुशतके आपण छापील खुणेवरून बाईचा आजार वाचत आलो, हाताने काढलेल्या खुणेवरून नाही.

अपस्माराच्या स्त्रीला आज डॉक्टर जी दैनंदिनी ठेवायला सांगतात, ती म्हणजे त्या ठिपक्याशेजारी काढलेली दुसरी खूण, झटक्याची. पुढचे सगळे, गोळी बदलायची की नाही, इंजेक्शन द्यायचे की नाही, शस्त्रक्रिया करायची की नाही, आणि केलीच तर काय काढायचे व काय राखायचे, हे त्या दोन खुणांमधल्या अंतरावर अवलंबून आहे. ते अंतर मोजायला दुर्बीण लागत नाही. ती खूण काढणारीला लाज वाटू नये आणि ती पाहणाऱ्याने तिच्यावर विश्वास ठेवावा, एवढेच लागते. १८५७ पासूनचा इतिहास पाहता, सर्वांत दुर्मीळ राहिले आहे ते हेच.